लोकवाटा

अर्जातला चौदावा रकाना : लोकवाटा, टक्के पंचवीस.
रोख, श्रम किंवा साहित्य. खाडाखोड करू नये.
मी गटाची सचिव, बॉलपेन माझ्याकडे.
बाकी सगळं भरलं, तो तेवढा कोरा ठेवला.

दूधखार म्हणतात आमच्या शेतांना.
दूध कुणी पाहिलं नाही, मीठ पाहिलंय :
मार्चात ढेकळांवर फुलतं,
गुरं चाटायला येतात.

कृषी सहायक ढगेबाई जालन्याकडच्या.
पहिल्या दिवशी बांधावर उभं राहून म्हणाल्या,
आमच्याकडे बंधारा घालतात पाणी आत ठेवायला,
तुमचं सगळंच उलटं.
दामाजी मोकल हसला. बाय, म्हणाला,
इथं एक पाणी हाकलायचं
नि दुसऱ्याची वाट बघायची.

योजना चांगली होती, खोटं कशाला बोला.
पाऊण सरकार, पाव आपण.
बांध दीड हात उंच, पायथा दोन हात रुंद,
खाडीच्या अंगाला तिवरांच्या तीन ओळी,
उघाडीला नवी झडप.
पायथा रुंद होणार तो कुणाच्या शेतात,
यावर तीन सभा गेल्या.
निराबाई थळेचे सव्वा गुंठे जात होते.
ती म्हणाली, जाऊ देत. पण लिहा कुठंतरी.
मी रकाना शोधला. नव्हता.

श्रावण संपता संपता, अवसेच्या उधाणाला
रात्री साडेबाराला खांड पडली.
आधी खेकड्याच्या बिळाएवढं भोक असतं,
मग मूठ, मग घमेलं, मग बैलगाडी.
पेंढ्याचे भारे, पोत्यांत चिखल,
कुणाच्यातरी दाराची फळी,
छातीभर पाण्यात एकोणचाळीस माणसं. मी मोजली, सवय आहे.
ओहोटी लागेपर्यंत नुसतं धरून ठेवायचं,
मग दुपारच्या भरतीच्या आत बुजवायचं.
सोमा वाघमारेची इथं वीतभर जमीन नाही.
तो सगळ्यात खाली उभा होता.

आठवड्याने ढगेबाई टेप घेऊन आल्या.
कामाआधीचा फोटो?
कुणाकडेच नव्हता. सगळ्यांचे हात चिखलात होते.
नियम असा, त्या म्हणाल्या,
पूर्वमंजुरीआधीचं काम धरता येत नाही.
मग मंजुरी येईस्तोवर खांड उघडी ठेवायची व्हती काय?
दामाजीला उत्तर मिळालं नाही.
बाईंनी टेप गुंडाळला, परत सोडला,
बुजवलेलं तोंड मोजलं : सात मीटर वीस.
खोली काठीने. काठी आमची.
मग बांधावरच बसून अर्ज मांडीवर घेतला
आणि चौदाव्या रकान्यात लिहिलं : श्रम,
माणसं एकोणचाळीस, दिवस एक.
मी म्हटलं, रात्र होती.
त्यांनी खोडलं नाही. खाडाखोड करू नये.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, रात्रसुद्धा.

वर कुणीतरी विचारलंच असणार.
सात महिने फाइल पेणला, अलिबागला, परत पेणला.
मंजुरी आली तेव्हा दिवस धरला होता,
रात्र वगळली होती, दाराची फळीही.
निराबाईचे सव्वा गुंठे
मी गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहिले,
जिथे उसनवारी लिहितो.

आता नवी माती बसत आली आहे.
तिवरांना चार-चार पानं फुटली,
काही शेळ्यांनी खाल्ली.
आत राता भात पोटरीला आलेलं, बाहेर खाडी,
मध्ये नव्याकोऱ्या उतारावर
एक खेकडा बीळ उकरतोय,
पूर्वमंजुरी न घेता.
मी चप्पल काढून टाचेने ते बुजवलं.
उद्या परत यावं लागेल.